राणीचे जहाज आणि राणीचे चरित्र : मरियम-उज-जमानीच्या चित्रणाची चिकित्सा

प्रास्ताविक

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शिवाजी महाराजांच्या त्या दोन स्वाऱ्यांमुळे मराठी इतिहासलेखनात सुरतेची ओळख मोगलांचे श्रीमंत बंदर अशी पक्की झाली. ही श्रीमंती कोठून येत होती, ती कोणाकोणाची होती आणि तिच्यात स्त्रियांचा वाटा किती होता, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. पहिल्या स्वारीच्या सुमारे पन्नास वर्षे आधी, सप्टेंबर १६१३ मध्ये, पोर्तुगीजांनी सुरत बंदराजवळ एक मोठे जहाज पकडले आणि प्रवाशांसह गोव्याकडे नेले. जहाजाचे नाव ‘रहीमी’. हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा माल घेऊन ते तांबड्या समुद्रातून परतत होते. त्याची मालकीण होती मरियम-उज-जमानी. ती अकबराची पत्नी, जहांगीरची आई आणि आंबेरच्या कछवाह घराण्यातील राजा भारमलची मुलगी.

हीच स्त्री भारतीय प्रेक्षकांना ‘जोधाबाई’ या नावाने माहीत आहे. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, कादंबरी आणि वृत्तपत्री वाद या सर्व ठिकाणी तिची चर्चा होते. परंतु या चर्चेत सुरत नाही, जहाज नाही आणि व्यापारही नाही. लोकप्रिय चित्रणातील राणी आणि कागदपत्रांतील राणी यांच्यात एवढे अंतर का पडले आणि त्या अंतरामुळे तिच्या चरित्राचे कोणते नुकसान झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वर्गात येणारा विद्यार्थी मोगल इतिहासाचे पहिले पाठ पडद्यावरून शिकून आलेला असतो, आणि त्याचा पहिला प्रश्नही बहुधा तिथलाच असतो.

१. नावाचा गोंधळ

चिकित्सेची सुरुवात नावापासून करावी लागते. अबुल फज्लचा ‘अकबरनामा’ आणि जहांगीरच्या आठवणींचा ‘तुझुक-ए-जहांगिरी’ या दोन मुख्य ग्रंथांत या राणीचे माहेरचे नाव आढळत नाही. जहांगीर तिचा उल्लेख ‘मरियम-उज-जमानी’ म्हणजे ‘युगाची मरियम’ या पदवीने करतो. ‘जोधाबाई’ हे नाव जोधपूरशी जोडलेले असून ते जहांगीरच्या एका राणीला, म्हणजे मारवाडच्या मोटा राजा उदयसिंहाच्या मुलीला आणि शाहजहानच्या आईला अधिक शोभते. सासू आणि सून यांच्या नावांची ही सरमिसळ एकोणिसाव्या शतकातील लेखनातून, विशेषतः कर्नल टॉड यांच्या राजस्थानविषयक ग्रंथाच्या प्रभावातून, रूढ झाली असे मानले जाते. फत्तेपूर सिक्रीतील मार्गदर्शकांनी ती घट्ट केली आणि चित्रपटांनी कायम केली.

पदवीमुळे आणखी एक गोंधळ झाला. अकबराची आई हमीदा बानू हिची पदवी ‘मरियम-मकानी’ होती. दोन पिढ्यांतील दोन स्त्रियांच्या पदव्यांत ‘मरियम’ हा शब्द आला, आणि तो पाहून अकबराची एक पत्नी ख्रिस्ती असावी अशी दंतकथा तयार झाली. २०१७ मध्ये गोव्यातील लेखक लुईस द आसिस कोर्रेया यांच्या पुस्तकाने हीच कल्पना पुन्हा चर्चेत आणली. जोधाबाई ही वास्तविक एक पोर्तुगीज स्त्री होती, असा त्यांचा दावा होता. हा दावा स्वीकारणे कठीण आहे. भारमलच्या मुलीशी अकबराचा विवाह झाला, ही गोष्ट ‘अकबरनाम्या’त स्पष्ट नोंदलेली आहे. शिवाय इस्लामी परंपरेत हजरत मरियम यांचे स्थान अत्यंत आदराचे आहे. कुरआनातील एका सूरेचे नावच ‘मरियम’ आहे. राजपुत्राच्या मातेला अशी पदवी देण्यासाठी ख्रिस्ती कुळाची गरज नव्हती.

साल्मन रश्दी यांनी ‘द एन्चॅन्ट्रेस ऑफ फ्लॉरेन्स’ (२००८) या कादंबरीत वेगळाच मार्ग घेतला. तेथे जोधा ही अकबराच्या कल्पनेतून निर्माण झालेली, प्रत्यक्षात नसलेली राणी आहे. कादंबरीकाराची ही मुभा मान्य केली तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नाव अनिश्चित आहे म्हणून स्त्रीच काल्पनिक ठरत नाही. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी एक मशीद, एक बारव, एक कबर आणि एका जहाजाचा वाद एवढे पुरावे शिल्लक राहतात.

२. पडद्यावरची राणी

के. आसिफ यांच्या ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मध्ये जोधाबाईची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. मराठी रंगभूमी आणि चित्रपट यांतून घडलेल्या या अभिनेत्रीने भूमिकेला दिलेले वजन आजही जाणवते. परंतु पटकथेने तिच्याकडे एकच काम सोपवले आहे. ते म्हणजे पती आणि पुत्र यांच्यामध्ये उभे राहून व्याकूळ होणे. सलीमचे बंड ऐतिहासिक आहे. १५९९ नंतर त्याने अलाहाबाद येथे स्वतंत्र दरबार भरवला होता. मात्र समेटासाठी अलाहाबादला गेली ती सलीमा सुलतान बेगम. ती अकबराची दुसरी पत्नी होती आणि दरबारात तिचा शब्द मानला जात असे. याचा अर्थ, जनान्यातील स्त्रिया राजकीय मध्यस्थी करत असत, त्यासाठी प्रवास करत, अटी ठरवत. चित्रपटाने ही मध्यस्थी अश्रूंमध्ये विरघळवली.

आशुतोष गोवारीकर यांच्या ‘जोधा अकबर’ (२००८) ची गोष्ट थोडी वेगळी आहे. या चित्रपटावर इतिहासाचा विपर्यास केल्याचा आरोप झाला, राजस्थानात त्याच्या प्रदर्शनाला तीव्र विरोध झाला आणि नावाच्या वादाबाबत चित्रपटाच्या आरंभी निवेदन देण्यात आले. त्याचे परीक्षण करताना मात्र एक न्याय्य नोंद केली पाहिजे. १५६२ च्या विवाहामागचे राजकारण या चित्रपटाने बऱ्याच अंशी राखले आहे. भारमलच्या विरोधात त्याचा पुतण्या सुजा याने मोगल सुभेदार शरफुद्दीन हुसेन याच्याशी संधान बांधले होते. शरफुद्दीनने भारमलच्या नातलगांना ओलीस धरले होते. अजमेरच्या यात्रेला निघालेल्या अकबराला भारमल सांगानेर येथे भेटला आणि परतीच्या वाटेवर सांभर येथे विवाह झाला. घरातील भाऊबंदकी आणि बाहेरचा सुभेदार यांच्या कात्रीत सापडलेल्या एका लहान राज्याने थेट बादशहाशी नाते जोडून आपला बचाव केला. चित्रपटातील सुजामल आणि शरीफुद्दीन ही पात्रे याच घटनेतून आली आहेत. नितीन चंद्रकांत देसाई यांनी कर्जत येथे उभारलेल्या नेपथ्यामुळे दरबाराचा थाटही प्रत्ययकारी झाला.

तरीही चित्रपटाचा मूळ प्रश्न दांपत्याचा आहे. पत्नीला तिचा धर्म पाळू द्यायचा की नाही, तिचे देवघर किल्ल्यात असावे की नसावे, पतीने तिचे मन कसे जिंकावे, या प्रश्नांभोवती कथा फिरते. यात्राकर रद्द होण्याची घटनाही त्याच प्रेमकथेच्या ओघात येते. इतिहासात यात्राकर १५६३ मध्ये आणि जिझिया १५६४ मध्ये रद्द झाला. विवाहानंतर लगेच हे निर्णय झाले हे खरे. पण केवळ विवाहामुळे झाले असे म्हणण्यास पुरावा लागतो. राजपूत सरदारांना राज्यात सामावून घेण्याचे धोरण, उलेमांच्या प्रभावापासून मोकळे होण्याची तरुण बादशहाची इच्छा आणि राज्यविस्ताराच्या गरजा ही कारणे एका राणीच्या आग्रहात कोंबता येत नाहीत. २०१३ ते २०१५ या काळात चाललेल्या दूरचित्रवाणी मालिकेने तर जनान्यातील हेवेदावे हाच मुख्य विषय केला.

या सर्व कलाकृतींत एक समान मर्यादा आहे. त्या राणीच्या विवाहाजवळ किंवा तिच्या मातृत्वाजवळ थांबतात. कोणतीही कथा १६०५ च्या पुढे जात नाही. वास्तविक जहांगीर गादीवर आल्यानंतर ती अठरा वर्षे राजमाता म्हणून जगली आणि १६२३ मध्ये आग्रा येथे वारली. तिच्या स्वतंत्र कर्तृत्वाचे बहुतेक पुरावे याच काळातील आहेत. नववधूच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षे म्हणजे संपूर्ण चरित्र, असा समज त्यामुळे पसरला. विवाहानंतर पन्नास वर्षांनी ती स्त्री काय करत होती, हे कोणी विचारलेच नाही.

३. बंदरातील राणी

पन्नास वर्षांनी ती जहाजे चालवत होती. हे समजण्यासाठी सुरतेचे काम कसे चालत असे ते पाहावे लागते. अकबराने १५७३ मध्ये सुरतेचा किल्ला जिंकला आणि मोगलांना हजचा सागरी मार्ग मोकळा झाला. तापीच्या मुखाशी गाळ आणि वाळू साचत असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवाळीजवळच्या समुद्रात नांगरत आणि माल लहान होड्यांतून आणला जाई. वसंतात वाऱ्याची दिशा साधून जहाजे मोखा आणि जिद्देकडे निघत. पावसाळा सरताना, सप्टेंबरच्या सुमारास, ती परतत. जाताना नीळ आणि सुती कापड भरलेले असे. येताना चांदीची नाणी, सोने आणि इतर माल. यात्रेकरू आणि व्यापारी एकाच जहाजातून जात. हजचा हंगाम हाच बाजाराचा हंगाम असल्याने पुण्य आणि नफा यांचे खाते वेगळे करता येत नसे. पुढे १६४४ मध्ये सुरतेत यात्रेकरूंसाठी बांधलेली मोगल सराई याच वाहतुकीची साक्ष आहे. सुरत महानगरपालिकेचे कार्यालय नंतर याच वास्तूत आले.

या व्यवहारात राजघराण्यातील स्त्रियांचे भांडवल गुंतलेले होते. नूरजहाँ आणि जहाँआरा यांची नावे या संदर्भात अधिक घेतली जातात, परंतु मरियम-उज-जमानी त्यांच्या आधीची आहे. तिची ‘रहीमी’ ही त्या काळातील हिंदी महासागरातील मोठ्या जहाजांपैकी एक होती. इंग्रज कप्तान जॉन सारिस याने १६१२ मध्ये तिची मापे घेतली, ती लांबी १५३ फूट आणि रुंदी ४२ फूट अशी भरली.

राणीच्या व्यापाराची पहिली ठळक बातमी जहाजावरून नव्हे तर निळीच्या शेतावरून येते. आग्र्याजवळचे बयाना हे उत्तम निळीसाठी प्रसिद्ध होते. १६१०-११ च्या सुमारास विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी तेथे नीळ खरेदीसाठी गेला. त्याच वेळी राजमातेचा गुमास्ता मोख्याला पाठवायची नीळ विकत घेत होता. फिंचने अधिक भाव देऊन माल उचलला. गुमास्त्याने तक्रार केली, राजमातेने ती बादशहाच्या कानावर घातली आणि दरबारात असलेला विल्यम हॉकिन्स अडचणीत आला. सवलती मिळवण्यासाठी आलेल्या परदेशी दूताचे काम एका निळीच्या सौद्याने बिघडले. राणीचा प्रभाव प्रेमाच्या किंवा मायेच्या प्रसंगात नव्हे, तर बाजारभावात दिसतो. तिचे चरित्र लिहिणाऱ्याने हा प्रसंग टाळता कामा नये.

४. ‘रहीमी’चे प्रकरण

त्या काळी अरबी समुद्रात जहाज चालवायचे तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घ्यावा लागे. परवाना नसेल तर जहाज जप्त होई. अकबराच्या काळात गुलबदन बेगम आणि सलीमा सुलतान बेगम हजला निघाल्या, तेव्हा त्यांनाही या परवान्याच्या वाटाघाटीसाठी सुरतेत दीर्घकाळ थांबावे लागले आणि १५७६ मध्ये त्यांचे जहाज निघाले. बादशहाच्या आत्येलाही समुद्रावर दुसऱ्याची परवानगी लागत होती. जमिनीवर मोगल बलाढ्य होते, पण त्यांच्याजवळ पोर्तुगीजांना तोंड देईल असे आरमार नव्हते.

या परवान्याला धार्मिक बाजूही होती. त्यावर येशू आणि मरियम यांच्या प्रतिमा असत. इराणमार्गे जावे तर शिया राज्यातून जावे लागते आणि समुद्रमार्गे जावे तर प्रतिमा असलेला परवाना बाळगावा लागतो, म्हणून हिंदुस्थानातील मुसलमानांवर हज बंधनकारक नाही, असे मत मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी याने दिल्याचे बदायुनीने नोंदवले आहे. अशा परिस्थितीत ‘युगाची मरियम’ ही पदवी धारण करणारी, राजपूत घरात जन्मलेली राणी आपले ‘रहीमी’ जहाज मरियमच्या प्रतिमेचा परवाना घेऊन मक्केच्या वाटेवर पाठवत होती. धर्माच्या सीमारेषा पाठ्यपुस्तकात जितक्या सरळ दिसतात, तितक्या त्या सुरतेच्या धक्क्यावर नव्हत्या.

१६१२ मध्ये ‘रहीमी’ची पहिली अडवणूक इंग्रजांनी केली. सुरत आणि मोखा येथे आपल्याला मिळालेल्या वागणुकीचा राग काढण्यासाठी सर हेन्री मिडल्टन याने तांबड्या समुद्राच्या तोंडाशी सुरतेची जहाजे अडवली आणि त्यांना जबरदस्तीने मालाची अदलाबदल करायला लावली. ‘रहीमी’ त्यांत होती. सारिसने मापे घेतली ती याच प्रसंगी. पुढच्या वर्षी पोर्तुगीजांनी परवाना असूनही जहाज पकडले. इंग्रज व्यापाऱ्यांच्या नोंदींनुसार त्यावर सुमारे ७०० माणसे होती आणि मालाची किंमत एक लाख पौंडांच्या घरात होती. इंग्रजांना सुरतेत व्यापार करू दिल्याबद्दल मोगलांना धडा शिकवणे, हा पोर्तुगीजांचा उद्देश होता. म्हणजेच दोन युरोपीय सत्तांच्या स्पर्धेत राणीचे जहाज ओलीस ठरले.

जहांगीरची प्रतिक्रिया कडक होती. सुरतेचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाला पाठवण्यात आले, पोर्तुगीजांचा व्यापार रोखण्यात आला, दमणला वेढा पडला, जेझुइट पाद्र्यांचे भत्ते बंद झाले आणि त्यांच्या चर्चला कुलूप लागले. जानेवारी १६१५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय जेरोनिमो द आझेवेदो मोठे आरमार घेऊन सुवाळीवर आला, तेव्हा कप्तान निकोलस डाउंटनच्या इंग्रज जहाजांनी त्याला तोंड दिले. सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला तो या बदललेल्या वातावरणात.

या प्रकरणाचा सविस्तर अभ्यास एलिसन बँक्स फिंडली यांनी १९८८ मध्ये केला आणि मोगल स्त्रियांचा व्यापार हा विषय संशोधनाच्या मध्यभागी आणला. त्यांचे हे योगदान मोलाचे आहे. परंतु या अभ्यासाच्या आधारे पुढील लेखकांनी कधी कधी सोपे समीकरण मांडले : आईचा अपमान झाला म्हणून मुलाने पोर्तुगीजांना दूर करून इंग्रजांना जवळ केले. यावर दोन आक्षेप संभवतात. एक, आदल्याच वर्षी इंग्रजांनीही तेच जहाज अडवले होते. तरीही त्यांना सुरतेत वखार घालू दिली गेली. केवळ मातृभक्ती हे कारण असते तर इंग्रजांनाही तीच शिक्षा व्हायला हवी होती. दोन, १६१५ मध्ये मोगल आणि पोर्तुगीज यांच्यात तहाच्या वाटाघाटी झाल्या, म्हणजे संबंध कायमचे तुटले नाहीत. आरमार नसलेल्या सत्तेने एका दर्यावर्दी शत्रूवर दुसऱ्याचा दाब ठेवला, असे या धोरणाचे स्पष्टीकरण अधिक पटते. मातेचा मान, यात्रेकरूंचे संरक्षण आणि बंदराचे उत्पन्न ही तिन्ही कारणे त्या रागात एकत्र होती.

५. मुलाचे मौन

या प्रकरणातील सर्वात विचार करण्यासारखी बाब मात्र जहांगीरच्या स्वतःच्या ग्रंथात आहे. ‘तुझुक’मध्ये या घटनेची नोंद येते. गोव्याच्या फिरंग्यांनी करार मोडून सुरतेजवळ चार जहाजे लुटली, अनेक मुसलमानांना कैद केले, माल घेतला आणि म्हणून मुकर्रबखानाला भरपाईसाठी पाठवले, असे तो लिहितो. त्या जहाजांत आपल्या आईचे जहाज होते, हे तो लिहीत नाही.

हा अनादर नव्हे. याच ग्रंथात लाहोरजवळच्या दहर गावी आपण नावेने आईच्या भेटीला गेलो आणि चंगीझ व तैमूर यांच्या रिवाजाप्रमाणे तिला वंदन केले, असे तो आदराने सांगतो. तिच्या महालात झालेल्या तुलाविधीची आणि शाही विवाहाची नोंद तो करतो. म्हणजे वंदनीय माता त्याच्या लेखणीत आहे. जहाजाची मालकीण नाही. विधी आणि समारंभ यांत स्त्रीचे नाव घेणे प्रतिष्ठेचे होते, परंतु लुटलेल्या मालाच्या यादीत ते घेणे बहुधा प्रतिष्ठेला बाधक वाटले असावे.

तिच्या मालकीची माहिती मिळते ती इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांतून आणि रोजनिशींतून. या लेखकांना मोगल जनान्याबद्दल जिव्हाळा नव्हता. प्रतिस्पर्ध्याचे नुकसान हा त्यांचा फायदा होता, त्यामुळे पोर्तुगीजांचे कृत्य आणि बादशहाचा संताप ते रंगवून सांगणार, हे गृहीत धरले पाहिजे. मालाच्या किमतीचे आकडेही त्याच सावधगिरीने वाचावे लागतात. तरीही नीळ कोणी घेतली, जहाज कोणाचे, तक्रार कोणी केली हे त्यांना लिहावेच लागले, कारण त्यावर त्यांचा धंदा अवलंबून होता. आपल्या माणसांनी संकोचाने जे झाकले ते परक्यांच्या हिशेबाने उघड केले.

राणीच्या बाजूचा कागद अगदीच नाही असेही नाही. एस. ए. आय. तिरमिझी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोगल जनान्यातील हुकूमांच्या संग्रहात हमीदा बानू आणि नूरजहाँ यांच्याबरोबर मरियम-उज-जमानीचाही हुकूम आहे. स्वतःच्या शिक्क्याने आदेश काढण्याचा अधिकार तिला होता. रूबी लाल यांच्या ‘डोमेस्टिसिटी अँड पॉवर इन द अर्ली मुघल वर्ल्ड’ (२००५) या ग्रंथाने जनाना म्हणजे बंदिस्त विलासगृह ही कल्पना मोडीत काढली, आणि इरा मुखोटी यांच्या ‘डॉटर्स ऑफ द सन’ (२०१८) या पुस्तकाने हा विषय सामान्य इंग्रजी वाचकांपर्यंत नेला. मराठीत मात्र मोगल स्त्रियांवरील लेखन अद्याप नूरजहाँ आणि मुमताजमहल यांच्याच भोवती फिरताना दिसते.

६. ‘ती कोणाची’ हा प्रश्न

या राणीविषयी चालणाऱ्या वादांत एक प्रश्न हमखास येतो : तिने धर्म बदलला की नाही? एका पक्षाला ती हिंदू राहिली हे हवे असते, म्हणजे बादशहाची उदारता सिद्ध होते. दुसऱ्याला ती राजपूत कन्याच नव्हती असे हवे असते, म्हणजे कुळाचा अभिमान राखला जातो. तिसऱ्याला ती पूर्णपणे मुसलमान झाली हे पुरेसे वाटते. तिन्ही पक्ष तिला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करतात, आणि तिची साक्ष काढण्याआधीच निकाल लिहून ठेवतात.

पुरावा काय सांगतो? अकबर हिंदू राण्यांच्या सहवासात जनान्यात होम करीत असे, असे बदायुनी नाराजीने लिहितो. म्हणजे त्या राण्यांच्या धर्माचरणाला तेथे जागा होती. दुसरीकडे, लाहोर किल्ल्यासमोरची मशीद १६११ ते १६१४ या काळात मरियम-उज-जमानीच्या नावाने बांधली गेली. बयाना परिसरात तिने १६१२ च्या सुमारास बारव बांधली, जिचे पाणी वाटसरूला धर्म न विचारता मिळाले असणार. तिचे जहाज हाजींना नेत होते. मृत्यूनंतर तिचे दफन झाले आणि तिची कबर सिकंदरा येथे अकबराच्या कबरीजवळ आहे. या वास्तू आणि नोंदी तिचे सार्वजनिक आचरण दाखवतात. तिच्या अंतःकरणात कोणती श्रद्धा होती, हे त्यांतून वाचता येत नाही आणि वाचण्याचा आग्रहही धरू नये.

येथे मशीद, बारव आणि जहाज यांची साले महत्त्वाची आहेत. मशिदीचे काम सुरू होते, बारव बांधली जात होती, बयान्याची नीळ सुरतेकडे जात होती आणि ‘रहीमी’ मोख्याला ये-जा करत होती, हे सर्व १६१० ते १६१४ या चार-पाच वर्षांत घडले. उतारवयातील एक स्त्री उत्तरेत दानधर्म आणि पश्चिम किनाऱ्यावर व्यापार एकाच वेळी सांभाळत होती. ‘ती कोणाची’ या प्रश्नात हे सारे कर्तृत्व दिसेनासे होते.

समारोप

लोकप्रिय कलाकृतींनी या राणीला जनमानसात जिवंत ठेवले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्या नसत्या तर सामान्य विद्यार्थ्याला तिचे अस्तित्वही कळले नसते. परंतु त्यांनी तिला विवाहमंडपात थांबवले आणि दोन धर्मांमधील सलोख्याचे किंवा संघर्षाचे प्रतीक केले. प्रतीकाला वय वाढत नाही, त्याचे जहाज बुडत नाही आणि त्याला निळीचा भाव ठाऊक नसतो. कागदपत्रांतील राणी वयाने वाढलेली आहे, नफातोटा जाणणारी आहे आणि तिच्या मालमत्तेवर हात टाकला की राज्यांचे संबंध ढवळून निघतात.

अध्यापनात या सामग्रीचा उपयोग सहज करता येईल. ‘जोधा अकबर’मधील एखादा प्रसंग, ‘तुझुक’मधील चार जहाजांची नोंद आणि फिंचच्या नीळखरेदीची हकीकत या तीन गोष्टी एका तासात वर्गासमोर ठेवल्या, तर स्रोत कसे बोलतात आणि कसे गप्प राहतात हे विद्यार्थ्यांना उदाहरणाने कळेल. ज्या वर्गात निरनिराळ्या समाजांतील मुले-मुली शेजारी बसतात, तेथे ‘ती हिंदू की मुसलमान’ हा प्रश्न येणारच. शिक्षकाने तो दडपू नये. उपलब्ध पुरावा समोर ठेवून त्याची मर्यादा दाखवावी आणि मग दुसरा प्रश्न विचारावा : तिने काय केले? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लाहोरच्या शिलालेखात आहे, बयान्याच्या बारवेत आहे आणि सुरतेला परतणाऱ्या, पण धक्क्याला न लागलेल्या एका जहाजाच्या कहाणीत आहे. वर्गातील मुलींनी तर ती अवश्य ऐकावी.